शिळेवरची जाळी

सायलस क्रॉडी लबाड निघू दे, अशी प्रार्थना मी भर मेजवानीत केली. समोर मेंढीची भाजलेली मांडी वाफाळत होती, जमलेले सभ्य गृहस्थ अन्नाबद्दल देवाचे आभार मानत होते, आणि टेबलाच्या अगदी खालच्या टोकाला, दारातून येणाऱ्या वाऱ्यात बसून, मी देवाला विनवत होते की या माणसाला आजच्या दिवस तरी सचोटी सुचू देऊ नकोस.

क्रॉडी हा आमच्या हॅलमिन्स्टरमधला चित्रांचा प्रकाशक. कॅथीड्रलच्या कोरीव चित्रांचा त्याचा मोठा ग्रंथ त्या वर्षी पुरा झाला होता. वर्गणीदारांना त्याने शब्द दिला होता की तीनशे प्रती छापीन आणि मग तांब्याचे पत्रे तुमच्या डोळ्यांदेखत कापून टाकीन. तुमच्या भिंतीवर जे लागेल ते उद्या वाण्याच्या भिंतीवर लागणार नाही. श्रीमंत माणसाला कमानींवर आणि खांबांवर, आणि जमल्यास देवावरही, अशी मालकी हवी असते. म्हणून रिवाज असा, की जेवणात गोड पदार्थ येण्याआधी पत्रे आणि करवत आणायची, आणि ज्या हाताने ते कोरले त्या हाताने ‘हेच ते’ अशी साक्ष द्यायची. कोरणारा हात माझा होता. म्हणूनच पुरुषांच्या त्या मेजवानीत मला खुर्ची मिळाली होती.

क्रॉडीने त्या दिवशी शब्द पाळला असता, तर माझा भाऊ दुसऱ्यांदा मेला असता.

ऍम्ब्रोस चित्रे काढायचा आणि मी ती तांब्यावर कोरायचे. तो उंचीचा माणूस होता. शिडीवर, कठड्यावर, खांबांच्या माथ्यावरच्या अरुंद वाटेवर तो असा उभा राही की जणू दगडानेच त्याला धरून ठेवले आहे. मी खाली, खिडकीपाशी, आरशात त्याचे चित्र उलटे पाहत उलट्या रेघा ओढत बसे. त्याची नजर वर जायची, माझी आत. आमच्यात बोलणे फारसे नव्हते. त्याच्या पेन्सिलीपासून माझ्या कोरणीपर्यंत जे पोचायचे तेच आमचे बोलणे.

त्या हिवाळ्यात कॅथीड्रलच्या मधल्या दालनाच्या चित्रात वरचा थोडा भागच राहिला होता; बाकीचे मी तांब्यावर घेत होते. क्रॉडीला ते ईस्टरच्या आत बाजारात हवे होते. वरच्या खिडक्यांच्या काचा दुरुस्तीला काढल्या होत्या, आणि रात्रीचे हिम आत शिरून गॅलरीच्या कडेवर काचेसारखे गोठून राहिले होते. ऍम्ब्रोस म्हणाला, हिम वितळू द्या, चार दिवसांनी चढतो. क्रॉडी म्हणाला, “ईस्टर काय हिम वितळायची वाट बघणार आहे? वर जा.” मी शेजारीच उभी होते. ऍम्ब्रोसने माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या, पेन्सिल कानावर ठेवली आणि वर गेला.

तो पडला ते दालनाच्या मध्यावर, एका कोऱ्या फरशीवर. आजूबाजूच्या सगळ्या शिळांवर खाली पुरलेल्या कुणा ना कुणाची नावे आहेत. तेवढी एकच कोरी.

मृत्यूची चौकशी खाणावळीच्या माडीवर झाली. क्रॉडीने बायबलवर हात ठेवून सांगितले की पोरगा सकाळपासून पीत होता. “मी त्याला वर जाऊ नको म्हटलं, ऐकलं नाही,” असेही तो म्हणाला. मी उठून सांगितले की माझा भाऊ दारूला शिवत नसे, कारण दारूने रेघ हलते. ज्युरीतला कापडवाला पेनी माझ्याकडे फार मायेने पाहत राहिला. बहिणीची साक्ष लोक कबरीवरच्या फुलांसारखी स्वीकारतात. निकालपत्रात ‘मद्यधुंद अवस्थेत’ असे आले, आणि ऍम्ब्रोसला थडगे मिळाले ते आवाराच्या उत्तरेच्या कडेला, जिथे ऊन येत नाही.

पुढच्या आठवड्यात क्रॉडी घरी आला. मधल्या दालनाचे चित्र तांब्यावर जवळजवळ पुरे होत आले होते. खाली डाव्या कोपऱ्यात, जिथे चित्रकाराचे नाव येते तिथे, मी ऍम्ब्रोसचे नाव सर्वांत आधी कोरून ठेवले होते.

“खालचं नाव काढ, डॉर्कस,” तो म्हणाला.

“चित्र त्याचं आहे.”

“असेल गं. पण वर्गणीदार कोण आहेत बघ. डीन, कॅनन, दोन आर्चडीकन, सगळे कॅथीड्रलचे बडे पाद्री. देवाच्या घराखाली दारुड्याची सही कोण टांगून घेईल? आमच्या एडविनचं घाल.”

एडविन त्याचा पुतण्या. “एडविननं शिडी तरी बघितलीय का कधी?” मी विचारले.

“बघितलीय की. खालून.” आणि तो हसला. आपल्याच विनोदावर हसताना त्याचे खांदे हलत. ते हलणारे खांदे मी अजून विसरलेले नाही.

मी नाव खरवडून काढले. तांब्यावरची रेघ पुसली की तिथे खळगा पडतो. मग पत्रा पालथा घालून मागून हातोडीने ठोकून तो खळगा वर आणावा लागतो. माझ्या भावाच्या नावावर मी पाठीमागून हातोडी मारत राहिले. समोरून सगळे गुळगुळीत झाले. मागे मात्र हातोडीचे वण राहिले, चांदण्यांसारखे विखुरलेले. त्या वणांकडे पाहतानाच मला सुचले.

तांबे मऊ असते. छापणाऱ्याचा तळवा शाई पुसताना त्यावरून फिरतो, रूळ दाबून जातो, आणि दर छापेला पत्रा थोडा झिजतो. उथळ रेघा आधी जातात आणि खोल रेघा अखेरपर्यंत तगतात. चित्राच्या पुढच्या भागात, सावलीत, ती कोरी फरशी होती. मी तिच्यावर, कोरणीला जितके खोल जाता येईल तितके खोल, चार ओळी कोरल्या. मग त्यांच्यावर केसासारख्या उथळ रेघांची जाळी घातली, आडवी, उभी, तिरपी, पुन्हा आडवी, इतकी दाट की फरशी सबंध काळी झाली. पहिल्या तीनशे प्रतींत तिथे अंधाराखेरीज काही दिसणार नव्हते. क्रॉडीने शब्द पाळला असता तर तो अंधार करवतीखाली गेला असता आणि माझ्या ओळी कुणीही वाचल्या नसत्या. तीनशेच्या पुढे त्याने जितके चोरून छापले असते, तितकी जाळी विरत गेली असती. माझा सूड त्याच्या हावेवर सोपवलेला होता. मी त्याला मारायला निघाले नव्हते. तो स्वतःला कुठवर नेतो ते पाहायला मी तिथे दिवा ठेवला होता, आणि त्यावर काजळी धरली होती.

तर मेजवानी. पत्रे आले. चेहऱ्याच्या बाजूला काळे रोगण फासलेले, शाई वाळून खराब होऊ नये म्हणून, असे क्रॉडीने सांगितले. मधल्या दालनाचा पत्रा म्हणून जो माझ्या हातात ठेवला तो मी उलटून पाहिला. पाठ गुळगुळीत होती. हातोडीचा एकही वण नाही.

क्रॉडीने टेबलाच्या वरच्या टोकावरून माझ्याकडे पाहिले. तो घाबरला आहे हे त्याच्या मानेवरून कळत होते. माझ्या छातीत मात्र असे काही उमलले की ते आनंदच होते हे मान्य करायला मला पुढे बराच काळ लागला.

“हेच ना, मिस फेन?” कॅनन रूक यांनी विचारले. करवत त्यांच्याच हातात होती. म्हाताऱ्याला तो मान फार हवा होता.

“हेच,” मी म्हणाले. “माझेच.”

करवत चालली. गृहस्थांनी टाळ्या वाजवल्या. निघताना क्रॉडी जिन्यात माझ्या कानाशी वाकला. “शहाणी आहेस,” तो म्हणाला. “तुला काम कमी पडणार नाही.”

मग वर्षे गेली. क्रॉडीच्या दुकानाच्या खिडकीत ‘पहिल्या छपाईच्या शेवटच्या काही प्रती’ अशी पाटी लागली आणि लागूनच राहिली. त्याच्या मागच्या अंगणातल्या छापखान्यात जोनास टली काम करी. बाजारात तो भेटला की आम्ही कोबीच्या ढिगाशी उभे राहून बोलत असू.

“क्रॉडीच्या तीनशे प्रती म्हणजे येशूच्या पाच भाकरी अन् दोन मासे,” टली म्हणायचा. “सगळं गाव जेवलं तरी बारा टोपल्या उरतात.”

“तुम्हीच वाढता ना, मिस्टर टली.”

“मी वाढपी. चमत्कार त्यांचा.”

मी त्या खिडकीपाशी थांबत असे. लोकांना वाटे, बिचारी भावाचे काम पाहते. मी फरशी पाहत असे. आधी ती काळी होती. मग ओल्या पाटीसारखी झाली. मग एका वसंतात तिच्यावर काही हालचाल दिसली, तळ्याच्या तळाशी काही पडलेले असावे आणि पाणी निवळत यावे तशी. अजून वाचता येत नव्हते. मला घाई नव्हती. ज्याची वाट पाहायची आहे ते निश्चित असले की वाट पाहणे हेच एक घर होते. मी त्या घरात चूल पेटवून राहत होते.

पण घाई क्रॉडीला झाली. एका सकाळी तो फडक्यात गुंडाळलेला पत्रा घेऊन माझ्या दारात आला. केस पिकले होते, पोट सुटले होते. खुर्चीत टेकला तेव्हा जिनचा वास आला.

“नवे डीन आलेत, डॉ. लॅथबरी,” तो म्हणाला. “त्यांना संच हवाय, पहिल्या तीनशेतला. मी म्हटलं, स्वतःसाठी एक ठेवलाय, तुम्हाला देतो. आता दिला पाहिजे ना?”

“मग द्या.”

“असा देऊ?” त्याने एक ताजी छाप उलगडली. “हे बघ. छत पार उडालं. खांब म्हणजे उकडलेल्या भाजीच्या दांड्या. आणि ही फरशी बघ, काळीची राखाडी झाली. त्यात कसली तरी अक्षरं उमटायला लागलीत. जुनं थडगं असेल, तेवढं शोभून दिसतं. पण कॅनन रूककडे पहिली प्रत आहे, तिथं ती काळीभोर आहे. कुणी शेजारी शेजारी ठेवून बघितलं तर? तू जरा हात फिरव. पुन्हा गडद कर.”

आमच्या धंद्यात हे नित्याचे. झिजलेला पत्रा कोरणाऱ्याकडे परत येतो. नाही म्हटले असते तर तो दुसऱ्याकडे गेला असता, आणि त्या दुसऱ्याने भिंगाखाली पहिल्या तासात सगळे वाचले असते. हो म्हटले तर माझ्याच हाताने मला त्या ओळी पुन्हा पुराव्या लागणार होत्या. मी पत्रा उलटला. वण तिथेच होते, माझ्या भावाच्या नावाच्या पाठीवर.

“क्रॉडीसाहेब,” मी म्हणाले, “एक विचारू?”

“विचार की.”

“त्या दिवशी ऍम्ब्रोस प्यायला होता?”

त्याने मान वर केली. खिडकीबाहेर कुणीतरी हातगाडी ढकलत नेत होते; ती जाईपर्यंत तो तिच्याकडे पाहत राहिला. त्याने ‘नाही’ म्हटले असते तर मी ती फरशी पुन्हा कायमची काळी केली असती. हे मी देवासमोरही म्हणेन. एवढा एक शब्द, चार भिंतींत, फक्त मला ऐकू येईल असा.

“चांगला होता गं तुझा भाऊ,” क्रॉडी म्हणाला. “पण होता. काय करणार? बाटलीनं भल्याभल्यांना खाल्लंय.” आणि त्याने रुमालाने ओठ पुसले.

“दोन आठवड्यांनी या,” मी म्हणाले.

मी छत पुन्हा उभे केले. खांबांना त्यांची हाडे परत दिली. ऍम्ब्रोसची प्रत्येक कमान मी नव्याने उघडली, आणि ती उघडताना त्याची नजर कुठून कुठे गेली होती ते मला बोटांत कळत होते. फरशीवर मी फक्त सुईने जाळी घातली. कोरणी नाही, सुई. तांब्याच्या कातडीवर ओरखडे, इतके वरवरचे की मूठभर छापांत पुसले जावेत. खालच्या ओळींत मात्र पुन्हा कोरणी फिरवली आणि त्या आणखी खोल केल्या.

पहिली छाप माझ्यासमोर निघाली. फरशी काळीभोर. क्रॉडीने कागद खिडकीकडे धरला, दुरून पाहिला, जवळून नाही. “झकास,” तो म्हणाला. “तीसेक काढून ठेव, टली. डीनसाहेबांना तळातला दे, पहिला.” आणि गेला.

टली तळव्याने पत्र्यावरची शाई पुसत राहिला. माझ्याकडे न पाहता म्हणाला, “ऍम्ब्रोस मला पेन्सिलीचे तुकडे आणून द्यायचा. माझ्या धाकट्याला चित्रं काढायला.”

“तुम्ही काय छापताय ते तुम्हाला ठाऊक आहे, मिस्टर टली?”

“मी छापतो, बाई. वाचत नाही.” रुळाचा दांडा ओढता ओढता तो पुढे म्हणाला, “तळातला कुठला अन् वरचा कुठला, या वयात कुणाला आठवतंय?”

डीनच्या घरी चहाला बोलावणे आले ते संध्याकाळच्या प्रार्थनेनंतरचे. डीनच्या पत्नीला ‘ज्या बाईने हे कोरले तिला’ पाहायचे होते. दिवाणखान्यात कॅनन रूक होते, आता कापायला लागलेल्या हातांचे. चर्चचा वॉर्डन झालेला पेनी होता. ऑर्गन वाजवणारे कुणी होते. आणि शेकोटीला पाठ लावून, घराचा मालक असल्यासारखा क्रॉडी. मधल्या दालनाचे चित्र चौकटीत घालून चित्रांच्या तिवईवर ठेवले होते.

“सुंदर आहे,” डॉ. लॅथबरी म्हणाले. ते बारीक, कोरडे गृहस्थ होते. “एकच कळत नाही, मिस्टर क्रॉडी. मी त्या दालनातून रोज जातो. मध्यावरची ती शिळा कोरी आहे. इथे तर तिच्यावर काहीतरी लिहिलंय.”

“जुनं असणार, डीनसाहेब. तुमच्या आधीचं. पायांनी झिजलं असेल. आमचा एडविन बारकाईनं काढतो हो, काही सोडत नाही.”

“मग वाचून दाखवा ना. माझा चष्मा वर राहिलाय.”

क्रॉडीने कप ठेवला. तो वाकला, आणि दुकानात गिऱ्हाइकाला वाचून दाखवायचा त्या भरदार आवाजात त्याने सुरुवात केली. मला वाटते, आवाज त्याच्या बुद्धीच्या एक पाऊल पुढे चालायचा.

“‘ऍम्ब्रोस फेन,’” तो वाचू लागला. “‘शुद्धीत होता…’”

आवाज थांबला. तो तसाच वाकलेला राहिला. शेकोटीत लाकूड कोसळले. डीनच्या पत्नीने भिंग पुढे केले, आणि उरलेले डॉ. लॅथबरींनी स्वतः, प्रार्थनेचे वाचन करावे तशा सपाट स्वरात वाचले.

“‘गोठलेल्या कडेवर वर पाठवला. पाठवणारा सायलस क्रॉडी.’”

“ही हिची चेष्टा आहे,” क्रॉडी म्हणाला. “माथेफिरू बाई आहे, साहेब. नंतर कोरलंय तिनं.”

“कशावर?” कॅनन रूक यांनी विचारले. “पत्रा तर मी कापला. याच हातांनी. माझ्या घरी जी प्रत आहे तिच्यात ही फरशी काळी आहे, मी रोज बघतो. मग ही कुठून आली?”

आता सगळे माझ्याकडे पाहू लागले.

“तुम्ही साक्ष दिली होती, मिस फेन,” कॅनन म्हणाले.

“दिली होती. खोटी.”

“कशासाठी?”

“खरा पत्रा कापला असता तर हे आज वाचता आलं नसतं.”

पेनी खुर्चीवरून अर्धवट उठला होता. वर्षांपूर्वी ज्या मायेने त्याने माझ्याकडे पाहिले होते ती माया आता कुठे ठेवावी हे त्याला समजत नव्हते. “म्हणजे तो पोरगा प्यायलेला नव्हता?” त्याने क्रॉडीला विचारले. “आम्ही तुमच्या शब्दावर लिहिलं, क्रॉडी.”

“मी ढकललं नाही त्याला,” क्रॉडी म्हणाला. “नुसतं वर जा म्हटलं. एवढंच. वर जा, म्हटलं.”

तो बोलला आणि मग त्याला स्वतःचे बोलणे ऐकू आले. त्याचे खांदे हलू लागले, पण या वेळी तो हसत नव्हता.

मी हे सारे नीट पाहिले. डोळे वळवले नाहीत. दया येते का ते मी आत चाचपून पाहिले, जसे दात दुखायचा थांबला की जीभ तिथे जाऊन पाहते. आली नाही.

पुढे जे झाले ते सरळ आहे. वर्गणीदारांनी आपापले संच क्रॉडीच्या दारात नेऊन टाकले, दुकान मिटले, एडविन लंडनला गेला. ऍम्ब्रोससाठी त्या फरशीवर खरे नाव कोरावे, अशी मी धर्मसभेकडे विनंती केली. सभेने नकार दिला. डॉ. लॅथबरी स्वतः सांगायला आले, टोपी हातात धरून. “ज्या हातानं त्यांच्यासमोर खोटी साक्ष दिली,” ते म्हणाले, “त्या हाताच्या विनंतीवर त्यांना दगड द्यायचा नाहीये. आणि आणखी एक. दिलेला शब्द शब्दच असतो. पत्रा कापायला हवा. आणि तो तुम्हीच कापावा असं ठरलंय.”

मी कापला, सभागृहातल्या मोठ्या टेबलावर. मला वाटले होते त्यापेक्षा ते कठीण होते. सुरुवात मी डाव्या कोपऱ्यातून, एडविनच्या नावातून केली. मग करवत ऍम्ब्रोसच्या खांबांतून गेली, गॅलरीतून, त्या कडेवरून, छताच्या बरगड्यांतून. जे त्याने जीव देऊन पाहिले होते आणि मी दोनदा कोरले होते त्या सगळ्यातून. क्रॉडीला उघडा पाडायची हीच किंमत असेल तर ती मला आधीपासून ठाऊक होती. फरशीचा तुकडा कुणी मागितला नाही. तो मी ऍप्रनच्या खिशात टाकला.

आता बड्या घरांच्या भिंतींवर ज्या जुन्या प्रती उरल्या आहेत त्यांत ती शिळा काळीच आहे. लोक मात्र काळ्या शिळेवर बोट ठेवून तिथे काय आहे ते एकमेकांना सांगतात.

क्रॉडी अजून आहे. रविवारी प्रार्थनेला येतो. न यावे तर लोक काय म्हणतील, म्हणून येतो. त्याचा बाक पुढे आहे, आणि तिथे जायला मधल्या दालनाखेरीज वाट नाही. दालनाच्या मध्यावर ती फरशी आहे तशीच कोरी आहे. तिथे कुणीही पुरलेले नाही. तरी अलीकडे लोक तिला वळसा घालून जातात. आधी पेनीने घातला, मग त्याच्या बायकोने, आता लहान मुलेसुद्धा, का ते ठाऊक नसताना. क्रॉडी तिथे आला की थांबतो. पाय उचलतो, ठेवत नाही. मागची माणसे तुंबतात, आणि तो बाकांना हात लावत, कडेकडेने, ती जागा ओलांडतो.

मी शेवटच्या रांगेत बसते, जिथून दालनाचा मध्य दिसतो. अजून एकही रविवार मी चुकवलेला नाही.